आधी धूर बघा!

'पिकपला पिकप नाही' हे वाक्य मराठी व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही. पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजात ते दिवसातून दहादा ऐकू येतं. यातला पहिला पिकप म्हणजे मागे उघडा हौदा असलेला, डिझेल पिऊन आंबे, भाजी, सिमेंट, मंडपाचे बांबू आणि प्रसंगी अख्खं वऱ्हाड वाहून नेणारा गरीब प्राणी. दुसरा पिकप म्हणजे त्या प्राण्याच्या अंगातला जोर. हा दुसरा पिकप गेला की पहिला चढावर दमतो, खालच्या गिअरमध्ये कण्हतो, आणि मागून येणाऱ्या एस.टी.च्या शिव्या खातो.

माझं भांडण या दोन्ही पिकपांशी नाही. भांडण आहे ते त्यानंतर येणाऱ्या वाक्याशी. बॉनेट अजून उघडलेलं नसतं, इंजिन सुरू केलेलं नसतं, गाडीवाल्याचा नमस्कारसुद्धा पुरता झालेला नसतो, आणि समोरचे गृहस्थ तोंडातला तंबाखूचा बार जराही न हलवता निकाल देऊन मोकळे होतात, "पंप उतरवायला लागणार." पंप नसेल तर टर्बो. टर्बो नसेल तर नोजल. आणि गाडीवाला जरा बऱ्या कपड्यांत आला असेल तर "इंजिनच खोलून बघू एकदा." खोलून बघू? इंजिन म्हणजे काय फणस आहे, पिकलाय की नाही ते कापून बघायला?

मला यातलं काय कळतं, असं कुणी विचारील. माझ्याकडे मोटार नाही. सायकल आहे, आणि तिला टर्बो नाही. पण मी आयुष्यभर सरकारी कचेऱ्यांचे हिशेब तपासले आहेत. आमच्या धंद्यात एक साधा नियम असतो. रक्कम जुळत नसली की आधी बेरीज बघायची, मग पावत्या, मग रोजकीर्द. हे सगळं करून दमल्यावरच कॅशियरच्या चारित्र्याकडे वळायचं. गॅरेजात नेमकं उलट. तिथं सकाळी साडेनऊला कॅशियरला फासावर चढवतात आणि संध्याकाळी बेरीज तपासायला घेतात. बेरीज चुकलेली निघाली तरी फास सोडवता येत नाही, कारण तोवर त्याचं बिल झालेलं असतं.

डिझेल इंजिन हा खरं तर फार प्रामाणिक जमाखर्च आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरनं १८९२ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ साली ऑग्सबर्ग इथं ते नीट चालवून दाखवलं. ठिणगी पाडायला प्लगच नाही, ही त्यातली गंमत. हवा आत घ्यायची, ती मूळच्या पंधराव्या-विसाव्या हिश्शात कोंबायची, की ती नुसत्या दाबानंच पाचशे अंशांच्या वर तापते. मग त्यात डिझेलचा बारीक फवारा मारला की भडका. म्हणजे जमेच्या बाजूला दोनच रकमा : हवा आणि डिझेल. खर्चाच्या बाजूला जोर, उष्णता आणि धूर. अल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस माणसानं १९०५ साली टर्बोचं पेटंट घेतलं. त्यातही जादू नाही. बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचं आणि त्याच्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चक्रानं इंजिनात जास्त हवा लोटायची. बायकोच्या भिशीतून नवऱ्याचा विमा भरावा, तसला हा घरगुती व्यवहार.

आता जोर कमी पडला, म्हणजे हवा कमी पडली, किंवा डिझेल कमी पडलं, किंवा जोर निर्माण होऊनही वाटेत कुणीतरी खाल्ला. चौथी शक्यता म्हणजे ते कोंबणंच सैल झालं, म्हणजे इंजिन म्हातारं झालं. पण म्हातारपण एका रात्रीत येत नाही. काल घाट चढलेली गाडी आज चढत नसेल, तर तिला म्हातारी ठरवण्याआधी तिच्या पायात काटा मोडलाय का ते बघावं.

आणि यातली कुठली रक्कम चुकली, हे सांगणारी पावती इंजिन स्वतःच फाडून देतं. मागच्या नळीतून. फुकट! काळा धूर म्हणजे डिझेल आलं, पण त्याच्या मानानं हवा आली नाही. एअर क्लीनर चोंदला असेल, टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप फाटला असेल, किंवा नोजल फवाऱ्याऐवजी पिचकाऱ्या मारत असतील. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल, तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा पाणी आत शिरतंय. आणि जोर नाही, पण धूरही नाही, तर बहुधा डिझेलच पुरेसं पोचत नाही. चार ओळींचं शास्त्र. पण ते वाचायला गाडीच्या मागं जाऊन उभं राहावं लागतं, आणि आपल्याकडे तज्ज्ञ माणूस नेहमी पुढूनच येतो.

माझ्या मेहुण्याचीच हकिकत सांगतो. रत्नागिरीजवळ त्याची शंभरएक कलमं आहेत आणि हप्त्यावर घेतलेली एक सेकंडहँड पिकप. एप्रिल-मे महिन्यांत तो रात्री हापूसच्या पेट्या भरतो आणि पाली, नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढून पहाटे कोल्हापूरच्या सौद्याला पोचतो. सौदा कुणाची वाट बघत नाही आणि आंबाही बघत नाही. उशीर झाला की दर पडतो. आणखी उशीर झाला की पेटीतला आंबाच पडतो. त्या वर्षी ऐन मोसमात गाडीनं जोर सोडला. साखरप्यापर्यंत ठीक. घाट लागला की पहिल्या चार वळणांनंतर पाय पूर्ण दाबला तरी गाडी म्हणायची, "हं, ऐकतेय."

पहिल्या गॅरेजात एअर क्लीनर बदलला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तो बदलायला झालाच होता. दुसऱ्या गॅरेजात पंप उतरला, कॅलिब्रेशनला गेला, चारही नोजल गेले, दोन दिवस आणि अठरा हजार रुपये गेले. गेला नाही तो फक्त दोष. परत आणताना गाडी गावात वाऱ्यासारखी पळाली, आणि त्या रात्री घाटातल्या त्याच वळणावर बसली. दुसऱ्या दिवशी तिथले लोक म्हणाले, "मग आता टर्बोच असणार." हा 'आता' मला फार आवडला. जणू पंप निर्दोष सुटला, म्हणून टर्बोवर गुन्हा आपोआप शाबित!

तिसऱ्या रात्री मी त्याच्याबरोबर केबिनमध्ये होतो. सासुरवाडीहून परतताना एस.टी.चं तिकीट वाचावं, हा माझा माफक हेतू. सौदा अर्थातच चुकला. सकाळी आम्ही उद्यमनगरातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. या गृहस्थांनी पहिली दहा मिनिटं पान्याला हात लावला नाही. मेहुणा मनातून खचला. त्याला वाटलं, यांना काही येत नसावं.

"धूर कसला येतोय?" मिस्त्रींनी विचारलं.

"धूर नाहीच."

"रिकाम्या गाडीला बी हुतंय?"

"होतं, पण उशिरा."

"निघाल्यापासनं किती वेळानं?"

"तास-सव्वा तासानं. आणि गंमत म्हणजे पंधरा मिनिटं थांबलो की पुन्हा ठीक चालते. मिस्त्री, टर्बो तर नसेल ना?"

"टर्बो काय चहा प्यायला थांबतोय व्हय पंधरा मिंटं?" मिस्त्री म्हणाले. "गाडी घेऊन तासभर चढ-उताराला हिंडून या. बसली की इंजिन चालूच ठेवायचं, आणि टाकीचं टोपण उघडायचं. कान देऊन ऐका."

आम्ही ज्योतिबाच्या डोंगराकडे गेलो. गाडी बसली. मेहुण्यानं टोपण फिरवलं, आणि टाकीनं 'सूंऽऽऽ' करून असा काही लांब श्वास आत ओढला, की शेजारून जाणारा सायकलवाला वळून बघायला लागला. पुढच्याच मिनिटाला गाडी डोंगरावर अशी चढली, की जणू नवसच होता.

कारण शाळकरी पोराला कळेल असं. टाकीतलं डिझेल जसं कमी होतं, तशी त्या जागी बाहेरची हवा आत यावी लागते. त्यासाठी टोपणाला एक बारीक भोक ठेवलेलं असतं. ते बंद झालं की टाकीत पोकळी होते, आणि तिच्याविरुद्ध डिझेल ओढता ओढता पंपाचा घसा कोरडा पडतो. थांबलं की हवा कुठूनतरी हळूहळू झिरपते, गाडी बरी होते. आणि ते भोक बंद का झालं? तर टोपणाचं रबर झिजलं होतं, डिझेल हिंदकळून पेट्यांना वास लागायचा, म्हणून मेहुण्यानं स्वतःच्या हातानं टोपणाखाली प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बसवली होती. महाराष्ट्र सरकारनं २०१८ साली बंदी घातलेली ही पिशवी सरकारी पथकांना बाजारात सापडत नाही. मिस्त्रींना ती न उठता टाकीत सापडली.

इथवर वाचून तुम्ही मनातल्या मनात गॅरेजवाल्यांच्या नावानं बोटं मोडत असाल, तर जरा थांबा. माझा खरा मुद्दा आता येतो, आणि तो त्यांच्यापेक्षा तुम्हाला-आम्हाला जास्त झोंबणार आहे.

मिस्त्रींनी पैसे सांगितले पाचशे. आणि अठरा हजार रुपये चूं न करता मोजलेला माझा मेहुणा चवताळून म्हणाला, "पाचशे? केलंत काय तुम्ही? पिशवी तर मीच काढली!" मग माझ्याकडे वळून, "भावोजी, तुम्हीच सांगा, पिशवी काढायचे पाचशे कोण देतं?"

हे बोलणं ऐकलं आणि मला एकदम कळलं, की या देशात पंप का उतरतात. आपण पार्टचे पैसे देतो, लेबरचे देतो, डोक्याचे देत नाही. गॅरेजच्या छापील बिलावर बघा : 'सामान' आणि 'मजुरी' असे दोन रकाने. 'विचार' हा रकानाच नाही. जो माणूस दहा प्रश्न विचारून दोष हुडकतो, त्याला चहा आणि 'बघा, सोपंच होतं' असं प्रशस्तिपत्र. जो चार तास गाडीखाली लोळून, अंग काळं करून, नको ते काढून नको तिथं बसवतो, त्याला आपण म्हणतो, 'बिचाऱ्यानं मेहनत फार घेतली हो!' मग त्यानं विचार करण्याचा धंदा करावा कशाला? त्यालाही पोरंबाळं आहेत. घाम दिसतो आणि अक्कल दिसत नाही, म्हणून घामाचेच पैसे द्यायचे, हा दर आपण ठरवलेला आहे.

त्यात आपल्याला घाई. सकाळी गाडी टाकून 'संध्याकाळपर्यंत द्या' म्हणायचं. लक्षणं विचारली तर 'ते तुम्ही बघा, तुम्ही मिस्त्री आहात' असं ऐकवायचं. डॉक्टरकडे जाऊन 'कुठं दुखतंय ते तुम्हीच ओळखा, मी पैसे देतोय' म्हणणाऱ्या रोग्याचा अपेंडिक्स नक्की जाणार. दुखत दात असला तरी.

काही लोक म्हणतील, हे जुन्या गाड्यांचं झालं. आता कॉम्प्युटर आलाय. आलाय खरा. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. सहाच्या गाड्या आल्या. त्यांच्या अंगभर सेन्सर असतात. काही बिनसलं की डॅशबोर्डावर पिवळा दिवा लागतो आणि इंजिन स्वतःहून जोर कमी करून लंगडत घरी येतं. स्कॅनर लावला की कोडही दिसतो. 'पी ०२९९' म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. 'पी ००८७' म्हणजे डिझेलच्या रेलमध्ये दाब कमी. उत्तम सोय आहे. पण कोड ही फिर्याद आहे, निकाल नव्हे! दाब कमी भरला, एवढंच तो बिचारा सेन्सर सांगतोय. टर्बो मेला म्हणून, की पाइपावरची क्लिप सटकली म्हणून, की दट्ट्याची बोटभर रबरी नळी चिरली म्हणून, ते त्याला माहीत नाही. तशीच डिझेलच्या दाबाची गोष्ट. तिथं चोंदलेला फिल्टरही पंपाच्या नावानं बोंब ठोकतो. पण स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं उमटली की आपली मान आपोआप लवते. पूर्वी बिनबुडाचे निकाल तंबाखूच्या वासासकट मिळायचे, आता ते ए.सी. केबिनमध्ये मिळतात.

आणखी एक जात आहे. ती म्हणते, "डिझेल वाढवून देतो, बघा कशी पळते." जुन्या पंपाचा स्क्रू फिरवला की डिझेल जास्त जातं, हे खरं. गाडी चार दिवस पळतेही. पण हवा तेवढीच असली, तर वरचं डिझेल काळा धूर होऊन मागच्या शाळकरी पोरांच्या नाकात जातं, आणि इंजिन आतून भाजून निघतं. दोष तिथंच राहतो. नव्या गाड्यांत हीच माणसं धूर गाळणारी जाळीच काढून टाकायचा सल्ला देतात. ती काजळीनं भरते, हे खरं. तिला अधूनमधून लांबवर, गरम इंजिनानं पळवून आतली काजळी जाळावी लागते. तेवढ्यासाठी जाळीच काढणं बेकायदा तर आहेच. शिवाय वर्गात ओरडा होतो म्हणून मास्तरच काढून टाकण्यातला हा प्रकार आहे.

तेव्हा माझी मागणी साधी आहे, आणि ती मी हिशेबतपासनीसाच्या हट्टानं करणार. स्वस्तातून महागाकडे चला. सगळ्यात आधी, पायाखालची चटई पॅडलच्या आड येत नाही ना, पॅडल पूर्ण दाबल्यावर ते पुढं पुरतं पोचतं ना, ते बघा. याला शून्य रुपये पडतात. मग चाकं हातानं चाचपा. एकच चाक चटका देत असेल तर ब्रेक धरून बसलाय, इंजिन बिचारं निरपराध आहे. इंजिनाचा आवाज चढतो आणि वेग चढत नाही, तर क्लच घसरतोय. मग एअर क्लीनर. मग डिझेलचा फिल्टर. त्याच्या तळचा स्क्रू सैल करून साचलेलं पाणी काढा. लाइनीत एअर येत नाही ना, ते बघा. टर्बोच्या पाइपांवर तेलकट ओघळ दिसतोय का, जोर घेताना शिट्टी ऐकू येते का, ते बघा. सायलेन्सर आतून चोंदलाय का, बघा. एवढं सगळं होऊनही रक्कम जुळली नाही, तर खुशाल पंपाकडे वळा, नोजलकडे वळा, टर्बोकडे वळा. पंपही बिघडतात, माझं काही त्यांच्याशी नातं नाही. पण 'पंप उतरवा' म्हणणाऱ्याला आधी एवढंच विचारा, "कशावरून?" तो सांगू शकला, तर त्याच्या हाती गाडी द्या. 'अनुभवावरून' म्हणाला, तर किल्ली खिशात टाका.

आणि ज्यानं न खोलता दोष सांगितला, त्याला खोलणाऱ्याइतके पैसे द्या. हे शेवटचं कलम सगळ्यात अवघड आहे, हे मी जाणतो. परवा आमच्या सोसायटीत पाण्याची मोटर पाणी चढवेना, तेव्हा नवी मोटर घ्यायचा ठराव अर्ध्या मिनिटात मंजूर झाला. फूटव्हॉल्व्ह तपासायला माणूस बोलवून त्याला तीनशे रुपये द्यावेत का, यावर मात्र पावणेदोन तास चर्चा चालली आणि विषय पुढच्या सभेवर गेला.

मेहुण्यानं मिस्त्रींचे पाचशे शेवटी दिले, पण माझ्याकडे असं बघत, की जणू ते माझ्याच खिशात चाललेत. वर, मन मोठं करून, सौद्यातून मागं राहिलेली एक पेटी पुढं सरकवली. "आंबे ठेवा मिस्त्री, त्यातच समजून घ्या."

मिस्त्रींनी पेटीचं झाकण उचललं, वास घेतला, बोटानं एक फळ दाबून बघितलं.

"आंबं झ्याक हाईत," ते म्हणाले, "पण ते पिशवीचं पाचशे येगळं ऱ्हाऊ द्या, पाव्हणं. न्हाईतर उद्यापास्नं मला बी पंपच उतरवायला लागंल."